रात्री भिजवून सकाळी भाजायचा फ्रेंच टोस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापं ८ इंची (२० सेंमी) चौकोनी, किमान २ इंच खोल ट्रेसाठी आहेत. मोठा चमचा म्हणजे १५ मिलि, लहान चमचा म्हणजे ५ मिलि. ब्रेड मात्र चमच्याने किंवा वाटीने मोजता येत नाही. त्यासाठी वजनकाटा लागतोच, आणि या पदार्थाच्या निम्म्या तक्रारी काटा न वापरल्यामुळेच येतात.

हा तव्यावरच्या फ्रेंच टोस्टपेक्षा वेगळा कसा? की हे नुसतं ब्रेड पुडिंग आहे?

तव्यावर आपण एकेक स्लाइस अंड्या-दुधात बुडवतो आणि लगेच तुपा-लोण्यावर परततो. बाहेरून खरपूस होतं, पण दहा माणसं असतील तर करणारा तव्यापाशीच अडकतो आणि पहिल्या माणसाचं खाऊन झालं तरी शेवटच्याला मिळालेलं नसतं. इथे सगळा ब्रेड एकाच ट्रेमध्ये रचून रात्रभर भिजतो आणि सकाळी एकदाच भाजला जातो. अमेरिकेत सुट्टीच्या दिवशीच्या ब्रंचला हा प्रकार म्हणूनच रूढ झाला.

ब्रेड पुडिंगचा हा सख्खा भाऊ आहे, हे मान्य. फरक प्रमाणाचा आहे. पुडिंगमध्ये दूध जास्त असतं आणि ब्रेड त्यात विरघळल्यासारखा होतो. इथे ब्रेड ओळखू आला पाहिजे: वरची टोकं कुरकुरीत, आतून मऊ, आणि कापल्यावर वडी उभी राहणारी.

मूळ प्रमाण काय?

ब्रेड २५० ग्रॅम (वाळवण्याआधीचं वजन), अंडी ४, दूध २५० मिलि, फ्रेश क्रीम १०० मिलि, साखर ५० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा, दालचिनी पूड अर्धा लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, ट्रेला लावायला लोणी. यात चौघांचं पोटभर होतं, बाकी काही असेल तर सहा जणांना पुरतं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: ब्रेडच्या वजनाच्या साधारण सव्वादोनपट पातळ मिश्रण. अंडी, दूध, क्रीम हे सगळं मिळून २५० ग्रॅम ब्रेडला ५५० मिलिच्या आसपास भरतं. यापेक्षा बरंच कमी झालं तर मध्ये कोरडे पांढरे ठिपके राहतात. बरंच जास्त झालं तर तळाशी अंड्याचा वेगळा थर बसतो. मीठ वगळू नका. ते नसलं की पदार्थ नुसताच गोड लागतो.

ब्रेड कोणता घ्यावा?

बेकरीतून न कापलेला मिल्क ब्रेड आणा आणि घरी एक इंच जाडीचे तुकडे करा. आमच्या मते हा सगळ्यात खात्रीचा पर्याय. पाकिटातला सँडविच ब्रेडही चालतो, पण त्याचे स्लाइस पातळ असल्यामुळे दोन-दोन एकत्र धरून तिरके कापावे आणि ट्रेमध्ये छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रेलून लावावे. २५० ग्रॅममध्ये असे १० ते १२ स्लाइस येतात. कडा कापू नका. कडाच ढाचा धरून ठेवतात.

ब्रिऑश (मऊ, गोडसर फ्रेंच ब्रेड) मिळाला तर उत्तमच. त्यात आधीच अंडी-लोणी असतं, म्हणून क्रीम निम्मं करून तेवढं दूध वाढवावं, नाहीतर जड होतं. इराणी हॉटेलात बनमस्क्याला वापरतात तसा गोडसर बनही छान लागतो. मनुका-टूटीफ्रुटीचा असेल तर साखर ३५ ग्रॅमवर आणा.

लादी पाव? चालतो, पण त्याचा गर फार हलका आणि कवच फक्त वरच्या बाजूला. तो चौकोनी तुकडे करून नीट वाळवला तरच टिकतो, नाहीतर सकाळी ट्रेमध्ये लापशी सापडते. कुणी ब्राउन ब्रेड ‘पौष्टिक’ म्हणून घेतला तर आधी पाकिटावरचे घटक वाचा, कारण कित्येकदा तो मैद्याचाच असतो आणि रंग कॅरमेलचा. खरा गव्हाचा ब्रेड असेल तर दूध ३० मिलि वाढवा, कोंडा पाणी ओढतो.

ब्रेड शिळा का हवा? माझ्याकडे आजचाच आहे.

फ्रेंचमध्ये या पदार्थाला पाँ पेर्दू म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. पदार्थच मुळी शिळ्या पावासाठी जन्मला. ताज्या ब्रेडच्या गरात आधीच भरपूर ओलावा असतो. त्यात मिश्रण शिरायला जागा कमी, आणि मऊ भिंती भिजल्यावर खाली बसतात.

पण नुसता शिळा म्हणजे वाळलेला नव्हे. पाकिटात दोन दिवस राहिलेला ब्रेड वातड होतो कारण त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. पाणी मात्र आतच राहतं. म्हणून ब्रेड ताजा असो वा परवाचा, तुकडे जाळीवर किंवा ट्रेमध्ये एका थरात पसरून १५० अंश सेल्सियसवर १० ते १२ मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त वरून टणक लागला पाहिजे. वजन करून पाहिलं तर २५० ग्रॅमचे २१०-२२० झाले की काम झालं. मग पूर्ण गार होऊ द्या आणि नंतरच मिश्रण ओता.

उन्हाळ्यात पुण्याच्या कोरड्या हवेत जाळीच्या झाकणाखाली दोन-तीन तास ठेवलं तरी ब्रेड वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये हे करू नका. त्या हवेत ब्रेड वाळत नाही, उलट बुरशी धरतो. आणि बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच कापून बाकीचा वापरायचा नाही, सगळा टाकायचा.

दूध कोणतं? घरची साय चालेल का?

पाकिटावर लिहिलेलं असतं तेच पाहा: फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट, टोण्डमध्ये ३ टक्के. फुल क्रीम किंवा म्हशीचं घ्या. टोण्ड असेल तर क्रीम १०० ऐवजी १३० मिलि आणि दूध तेवढं कमी. डबल टोण्डने (१.५ टक्के) केलेला टोस्ट पाणचट लागतो आणि गार झाल्यावर तळाला पाणी सुटतं.

तापवलेलं दूध पूर्ण गार करून वापरा. कोमट दुधातही अंडी फेटता येतात, पण ते मिश्रण फ्रिजमध्ये गार व्हायला वेळ लागतो, तेवढा धोका वाढतो. कडकडीत गरम दुधात तर अंड्याच्या गुठळ्याच होतील.

साय चालते. क्रीमच्या जागी १०० ग्रॅम साय घ्या, पण ती कालची-आजची असावी. विरजणासाठी आठवडाभर साठवलेली नको, कारण ती आंबूस झालेली असते आणि भाजताना फुटते. थोड्या दुधात साय मिक्सरमधून फक्त दोन-तीन सेकंद फिरवा. जास्त फिरवलीत तर लोणी निघेल. न फिरवता घातलीत तर साईचे गोळे वर तरंगत राहतील.

साखरेऐवजी गूळ घालू का?

मिश्रणात नको. गुळातल्या आम्लामुळे आणि क्षारांमुळे दूध तापल्यावर फाटू शकतं. खिरीत आपण गूळ शेवटी घालतो, तोच धडा इथे. गुळाची चव हवीच असेल तर भाजताना वर पसरायच्या कुरकुरीत चुऱ्यात (कृती पुढे आहे) गूळ पावडर घाला, किंवा वाढताना काकवी द्या.

रात्री नेमकं काय करायचं?

ट्रेला लोणी लावा, तळाला बटर पेपर घाला. वाळवलेला ब्रेड रचून घ्या; वरच्या तुकड्यांची टोकं थोडी वर डोकावू द्या, तीच कुरकुरीत होतात. ट्रेचा वरचा अर्धा इंच रिकामा राहिला पाहिजे, कारण भाजताना हे फुगतं.

दालचिनी, मीठ आणि साखर आधी कोरडीच एकत्र करा. दालचिनी सरळ दुधात टाकली तर ती वर तरंगते आणि पहिल्या दोन तुकड्यांवरच जाऊन बसते. मग साखरेच्या मिश्रणात अंडी फोडून साध्या काट्याने किंवा हाताच्या व्हिस्कने फेटा. बीटर नको, फेस नको. फेस ब्रेडवर बसून राहतो आणि भाजल्यावर वर ऑम्लेटसारखी कातडी येते. दूध, क्रीम, व्हॅनिला घाला आणि गाळणीतून गाळा. गाळणीत अंड्यातले पांढरे दोरे अडकतात. तोंडात आलेला तो चिवट पांढरा तुकडा कुणालाच आवडत नाही, आणि गाळायला अर्धं मिनिट लागतं.

गोडी बघायची असेल तर अंडी घालण्याआधी थोड्या दुधात साखर विरघळवून चाखा. कच्च्या अंड्याचं मिश्रण चाखू नये.

मिश्रण एकदम मध्यभागी न ओतता सगळीकडे फिरवून ओता. पाच मिनिटांनी उलथन्याच्या पाठीने ब्रेड हलका दाबा. झाकायची फिल्म सरळ ब्रेडला टेकवून लावा, नाहीतर वरचे तुकडे कोरडे राहतात आणि फ्रिजमधल्या कांद्या-लसणाचा वास धरतात. हा दुसरा मुद्दा किरकोळ वाटतो, पण व्हॅनिलात लसूण फार लवकर कळतो. झोपण्याआधी जमलं तर वरचे तुकडे एकदा उलटे करा.

किती तास भिजवायचं? सकाळीच भिजवलं तर?

८ ते १२ तास उत्तम. वाळवलेला ब्रेड असेल आणि वेळच नसेल तर २ तासांत काम भागतं, फक्त तासाभराने उलटवा. १५-१६ तासांनंतर गर फुटायला लागतो. २४ तासांपलीकडे नेऊ नका.

डिसेंबरात पुण्यात एवढी थंडी असते, ओट्यावर ठेवलं तर चालेल ना?

नाही. बाहेर पहाटे १० अंश असलं तरी बंद स्वयंपाकघर त्याहून बरंच उबदार असतं. कच्चं अंडं आणि दूध रात्रभर ५ अंशांच्या आतच हवं. फ्रिजच्या दारात किंवा भाजीच्या कप्प्यावर नको, मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवा. रात्री बराच वेळ वीज गेली आणि फ्रिज चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर ते मिश्रण टाकून द्या. चार अंड्यांसाठी पाहुण्यांची पोटं पणाला लावू नयेत.

रविवारी अकराला वाढायचं आहे. सकाळचं वेळापत्रक सांगा.

९.२५ ला ट्रे फ्रिजबाहेर काढा. ९.४० ला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) १८० अंशांवर लावा, दोन्ही रॉड चालू, पंखा असेल तर बंद. ९.५५ ला ट्रे आत, खालून दुसऱ्या कप्प्यावर, वर फॉइल सैलसर झाकून. २५ मिनिटांनी, म्हणजे १०.२० ला, फॉइल काढा, वरचा चुरा घालायचा असेल तर घाला आणि आणखी २० ते २५ मिनिटं भाजा. १०.४५ ला बाहेर. दहा मिनिटं तसंच ठेवा, मगच कापा. या दहा मिनिटांत मधला भाग शिजून पूर्ण होतो. लगेच कापलंत तर ट्रेमध्ये चमच्याने वाढायची वेळ येते.

पाहुणे पुण्याचे असतील तर अकराला येतील. बाहेरगावचे असतील तर भाजणं अर्धा तास पुढे ढकला, पण भाजून तासभर झाकून ठेवू नका. वाफेने वरचा भाग मऊ पडतो.

काचेचा ट्रे फ्रिजमधून काढून सरळ ओव्हनमध्ये ठेवता येतो का?

टाळा. बोरोसिलिकेट काच तापमानातला फरक बराच सोसते, साधी सोडा-लाइम काच सोसत नाही, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. अर्धा तास बाहेर ठेवून, बाहेरचा दमट थर पुसून मग आत ठेवा. बाहेर काढल्यावरही ओल्या ओट्यावर ठेवू नका, कोरड्या फडक्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवा. पुण्याच्या बाजारात, तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत, मिळणारे ॲल्युमिनियमचे केकचे डबे स्वस्त आणि चांगले आहेत, त्यांत तडकण्याची भीती नाही. फक्त मिश्रण रात्रभर उघड्या ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, करडट छटा येऊ शकते. तळाला आणि बाजूंना बटर पेपर लावा. धातूच्या डब्यात काचेपेक्षा पाच मिनिटं लवकर होतं.

झालं हे कसं ओळखायचं?

वरचा रंग पाहू नका, तो फसवतो. ट्रे हलवा: कडा स्थिर आणि मध्यभाग दह्यासारखा किंचित थरथरला पाहिजे, पाण्यासारखा हिंदकळता कामा नये. मध्यभागी सुरी घालून बाजूला दाबा. दुधाळ पाणी वर आलं तर अजून दहा मिनिटं. वर रंग पुरेसा आला असेल तर फॉइल परत झाका.

अन्नाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटतो. अंड्याच्या पदार्थासाठी ७१ अंश ही सुरक्षिततेची पातळी आहे. मध्यभागी ७५ ते ८० असताना बाहेर काढा. ८५ च्या पुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळत जातात, पाणी बाहेर टाकतात आणि कस्टर्ड रवाळ होतं.

तळाशी पाणी का साचलं?

वरच्याच कारणाने बहुधा: जास्त भाजलं गेलं. गंमत अशी की ओलं दिसतं म्हणून लोक आणखी दहा मिनिटं भाजतात आणि पाणी वाढतं. ते पाणी स्वच्छ आणि पिवळसर असेल तर जास्त भाजलंय, दुधाळ असेल तर कमी. दुसरी कारणं म्हणजे पातळ दूध आणि मिश्रणात घातलेली ओली फळं.

अंड्याचा वास येतो.

चार कारणं तपासा, याच क्रमाने. जास्त भाजलं का (तापून तापून अंड्यातला गंधक वास देतो), गाळलं होतं का, २५० ग्रॅम ब्रेडला चारपेक्षा जास्त अंडी गेली का, आणि व्हॅनिला जुना होता का. आपल्याकडच्या जिभेला अंड्याचा वास चटकन टोचतो, म्हणून चिमूटभर जायफळ जरूर घाला. वेलची-केशरही चालतं, मग दालचिनी वगळा. तिन्ही एकत्र आले की कोणाचाच पत्ता लागत नाही.

फुगलेलं होतं, काढल्यावर बसलं.

बसणारच. फुगवटा वाफेचा असतो. यात काही चुकलेलं नाही.

वर करपलं, आत कच्चं राहिलं.

ओटीजीच्या तापमानाच्या बटणावर फार विश्वास ठेवू नका. लहान ओटीजीत वरचा रॉड ट्रेच्या अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे बटण १८० दाखवत असताना वरच्या थराला कितीतरी जास्त झळ लागते. ओव्हनमध्ये ठेवायचा स्वतंत्र थर्मामीटर एकदा विकत घ्या आणि आपलं यंत्र किती खोटं बोलतं ते टिपून ठेवा. तोवर ट्रे एक कप्पा खाली घ्या, १७० वर लावा, फॉइल १० मिनिटं जास्त ठेवा. ट्रेच्या चारही बाजूंना हवा खेळायला जागा हवी; भिंतीला टेकलेली बाजू हमखास जळते.

वरचा कुरकुरीत थर कसा करायचा? श्रूजबेरी घातली तर?

मैदा ४० ग्रॅम, गूळ पावडर किंवा ब्राउन शुगर ४० ग्रॅम, गार लोणी ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, दालचिनी. बोटांनी चोळून वाळूसारखा चुरा करा, मग त्यात ३० ग्रॅम अक्रोड किंवा काजू जाडसर तोडून घाला. अमेरिकेत पेकान घालतात. अक्रोड त्याच्या सगळ्यात जवळचा. हा चुरा रात्रीच करून वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी फॉइल काढताना पसरा. रात्रीच पसरलात तर तो ओल धरून चिखल होतो.

श्रूजबेरी म्हणाल तर पुण्यात राहून हा मोह टाळणं कठीण. कॅम्पातल्या कयानी बेकरीची असोत की तुमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीची, चार-पाच बिस्किटं हाताने जाडसर कुस्करून वापरा. ती आधीच भाजलेली आणि लोण्याने भरलेली असतात, म्हणून शेवटच्या १० मिनिटांतच घाला. लवकर घातली तर कडवट होतात. बिस्किटांची गोडी धरून मिश्रणातली साखर ४० ग्रॅम करा.

फळं कधी घालायची?

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळाभर मंडईत असते आणि पहिला विचार तिचाच येतो. पण ती मिश्रणात घालू नका. तिला पाणी सुटतं, ब्रेडवर फिकट जांभळे डाग पडतात. कापून एक चमचा साखर लावून अर्धा तास ठेवा आणि वाढताना वरून द्या, सुटलेल्या रसासकट. हापूसचंही तसंच. भाजून त्याचा वास घालवण्यासाठी कुणी हापूस आणत नाही.

भाजायला योग्य म्हणजे पुरंदरचे ताजे अंजीर, चार फाका करून, कापलेली बाजू वर ठेवून, शेवटच्या २० मिनिटांसाठी. सफरचंद पातळ कापून आधी लोण्यात तीन-चार मिनिटं परतून घेतलं तर ब्रेडच्या थरांमध्ये घालता येतं. केळं रात्री घातलं तर काळं पडतं, सकाळी घाला. सुके अंजीर, मनुका, जर्दाळू रात्रीच चालतात, पण ते मिश्रण पितात, म्हणून आधी दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून निथळा.

ताजा अननस, पपई, किवी रात्रभर दुधात अजिबात नको. त्यांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात, सकाळपर्यंत मिश्रण कडू होतं. डब्यातला अननस शिजवलेला असतो, तो चालतो.

घरी अंडं चालत नाही. कस्टर्ड पावडर घालून होईल का?

होईल, पण पद्धत बदलावी लागते. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, वास आणि रंग. ती गार दुधात कालवून ब्रेडवर ओतली तर रात्रभरात सगळा स्टार्च तळाला बसतो. मग खाली रबरासारखा थर आणि वर ओला ब्रेड. बिनअंड्याचे बहुतेक प्रयोग इथेच फसतात.

म्हणून आधी शिजवा. ५०० मिलि फुल क्रीम दुधातलं थोडं गार दूध घेऊन त्यात २ सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवा. बाकीचं दूध ४० ग्रॅम साखर घालून उकळा, कालवलेलं मिश्रण ओतून मंद आचेवर दोन मिनिटं ढवळा. ओतता येईल इतपत पातळच हवं, रबडीपेक्षा सैल. कोमट झालं की १०० मिलि क्रीम मिसळून ब्रेडवर ओता, गार होताच फ्रिजमध्ये. सकाळी १८० वर झाकून २० मिनिटं, उघडं १५ मिनिटं. अंड्यासारखं फुगणार नाही, चव शाही तुकड्याकडे झुकते. काही वाईट नाही.

ब्रेडही तपासा. ब्रिऑश आणि काही गोड बनांमध्ये अंडं असतं, पाकिटावरची हिरवी खूण पाहून घ्या.

ओटीजी नाही. मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर, कढई?

मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनचा असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर, १७० अंशांवर, वेळ तीच. धातूचा डबा मायक्रो किंवा कॉम्बी मोडवर ठेवू नका. साध्या मायक्रोवेव्हमध्ये अंडं ठिकठिकाणी चिवट होतं, त्यापेक्षा न केलेलं बरं.

एअर फ्रायरसाठी ६ इंची गोल डबा आणि निम्मं प्रमाण, त्यातही डबा गच्च भरू नका. १६० वर फॉइल लावून २० मिनिटं, उघडं ८ ते १० मिनिटं. फॉइल डब्याच्या कडेखाली घट्ट दुमडा, नाहीतर पंख्याच्या झोताने उडून वरच्या कॉइलला चिकटेल.

जाड बुडाच्या कढईत स्टँडवर डबा ठेवून, झाकून, मंद आचेवर ५० ते ६० मिनिटांत शिजतं. कढई दहा मिनिटं आधी तापवा. रंग येणार नाही. त्यावर उपाय सोपा: गार करून जाड वड्या कापा आणि तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी परता. खरं सांगायचं तर ही आवृत्ती ओटीजीवाल्यांनीही एकदा करून पाहावी.

इंटरनेटवरच्या अमेरिकी पाककृती आपल्या ट्रेला कशा बसवायच्या?

त्यांचा ट्रे ९ × १३ इंच, म्हणजे ११७ चौरस इंच. आपला ८ × ८, म्हणजे ६४. सगळं साहित्य ०.५५ ने गुणा. त्यांचा कप २४० मिलि, लोण्याची एक स्टिक ११३ ग्रॅम, ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस. त्यांचं ‘लार्ज’ अंडं कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅमचं. आपल्याकडची अंडी बरेचदा लहान असतात, म्हणून फोडून वजन केलेलं बरं. ‘हाफ अँड हाफ’ (दूध आणि क्रीमचं तयार मिश्रण) लिहिलं असेल तर दोन भाग फुल क्रीम दूध आणि एक भाग २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम घ्या. आणि साखर त्यांनी लिहिली असेल त्याच्या दोन तृतीयांश पुरते. वर सिरप येणारच आहे.

दुप्पट करायचं असेल तर दोन ट्रे लहान ओटीजीत एकावर एक ठेवू नका. एकामागून एक भाजा.

पुणे उंचावर आहे, त्याचा फरक पडतो का?

पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, एवढंच. या पदार्थाला काही बदल लागत नाही.

मेपल सिरप महाग पडतं.

काकवी. किंचित कोमट करून, त्यात चिमूटभर मीठ आणि एक चमचा लोणी. तिला मेपलचा वास नाही, पण स्वतःचा कडसर-गोड खमंगपणा आहे आणि दालचिनीशी तिचं छान जमतं. मध चालतो, मात्र दोन चमच्यांपुढे तोच तो लागतो. पाकिटातलं ‘पॅनकेक सिरप’ म्हणजे बहुतेक वेळा वास लावलेला साखरेचा पाक.

तिखट करता येईल का?

साखर, व्हॅनिला, दालचिनी काढा. मीठ अर्धा लहान चमचा, मिरपूड, ८० ग्रॅम किसलेलं चीज, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर. चीज खारट असेल तर मीठ आणखी कमी. कांदा, सिमला मिरची, मशरूम आधी परतून पाणी आटवून गार करूनच घाला. कच्चा टोमॅटो नको.

उरलं तर?

भाजलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. एप्रिल-मे महिन्यात तासाभरात. तीन दिवस टिकतं. १६० वर १० ते १२ मिनिटं, किंवा तव्यावर थोडं तूप सोडून. वड्या सुट्या गोठवून मग पिशवीत भरल्या तर महिनाभर राहतात. न भाजलेला भिजवलेला ट्रे मात्र गोठवू नका, वितळल्यावर दूध वेगळं होतं.

सोबत काय ठेवावं?

काहीतरी आंबट आणि काहीतरी खारट. गोड न केलेलं घट्ट दही, संत्र्याच्या फोडी, आणि मसाला ऑम्लेट किंवा परतलेले मशरूम. कॉफी कडक हवी. मिसळ दुसऱ्या रविवारी करा. तिच्या तर्रीपुढे दालचिनीचा टिकाव लागत नाही.